ज्ञानमुद्रेतला भुंगेरा

"हलला! अगं बाई, हलला!" गंगूमावशी ओरडल्या आणि अख्खा हॉल गुडघ्यांवर पुढं सरकला.

तारनाक्याला माझ्या सासऱ्यांचा छोटासा फ्लॅट आहे. एरवी तिथं सहा माणसं जेवायला बसली की एकाचं कोपर दुसऱ्याच्या वरणात जातं. त्या सकाळी मात्र गौलीगुड्याचे झाडून सगळे नातेवाईक, बिल्डिंगमधली निम्मी बिऱ्हाडं आणि कोण कुठली माणसं तिथं कोंबून बसली होती. दाराबाहेर चपलांचा इतका ढीग, की लिफ्टचं दार लागेना. हॉलच्या मध्ये पाट, पाटावर आंब्याचा एक सालीसकट ओंडका, आणि मागं माझ्या सासऱ्यांचा, एकनाथरावांचा, हार घातलेला फोटो. ओंडक्याला अंगठ्याएवढं एक भोक होतं. ते मेणानं बुजवलं होतं आणि त्याच्यासमोर कापूर जळत होता. कापराच्या पलीकडं भगव्या रेशमी कफनीत भृंगीनाथ महाराज बसले होते.

"कावळा म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढं निघाले. "कावळा म्हणजे पोस्टमन! चिठ्ठी टाकतो नि उडून जातो. आत काय लिहिलंय, त्याला काय ठाऊक? पण भृंग? भृंग म्हणजे महादेवाच्या गणांतला भृंगी! पितर त्याच्या अंगात उतरतात. कावळा शिवतो, माय, भृंग बोलतो!"

मेण वितळून ओघळलं. भोकातून आधी बाहेर आल्या त्या दोन लांब मिशा. गाठीगाठींच्या, वळलेल्या, हवेत चाचपडणाऱ्या.

"मिशा!" गंगूमावशींनी गालावर हात मारून घेतला. "एकनाथरावांच्याच मिशा की गं, शांता!"

माझ्या सासूबाईंनी, शांताबाईंनी, पदर डोळ्यांना लावला. एकनाथरावांच्या मिशा खरंच झुपकेदार होत्या. सचिवालयात ते त्या मिशांवरूनच ओळखले जायचे. पण त्यांच्या मिशा नाकाखाली होत्या. या डोळ्यांच्या वर होत्या. हा फरक त्या हॉलमध्ये कुणाला खुपला नाही.

मिशांपाठोपाठ अख्खा प्राणी बाहेर आला. बोटाएवढा भुंगेरा. अंगावर राखी मखमल, खांद्यांवर मोहरीसारखे काळे दाणे, मानेला दोन्ही बाजूंनी एकेक काटा, पंखांवर फिकट ठिपके आणि मानेवर दोन केशरी डाग.

"केशरी गंध बघा! एकनाथराव गंध लावायचे का?" महाराजांनी विचारलं.

"रोज," सासूबाई म्हणाल्या.

"अंगाला भस्म बघा! आणि हे दोन काटे? ही त्यांच्या मनातली खंत. माणसाच्या मनात जे टोचतं ते भृंगाच्या मानेवर उगवतं."

लोकांनी 'हा... हा...' केलं. मीही मान डोलावली. हो, मीसुद्धा. मी केदार, या घरचा एकुलता एक जावई. रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनिअर. दिवा लाल का झाला, याचं कारण तारेत शोधायचं, आकाशात नाही, असं मी माझ्या हाताखालच्या पोरांना उठताबसता ऐकवतो. ओंडक्यात भुंगा आधी घालून वरून मेण लावलं असणार आणि कापराची धग लागली म्हणून तो बाहेर आला, हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. पण बायको शिल्पानं येतानाच बजावलं होतं, "आईच्या समाधानाचा प्रश्न आहे. तुम्ही तोंड उघडू नका." आणि जावयानं सासरच्या देवाधर्मात नाक खुपसायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. रीत सोयीची असली की माणूस ती फार श्रद्धेनं पाळतो.

हे सगळं सुरू झालं कावळ्यापासून. अप्पा, म्हणजे एकनाथराव, श्रावणात गेले. त्याआधी बरेच महिने ते अंथरुणाला खिळून होते. दहाव्याला आम्ही मुसीकाठच्या घाटावर पिंड ठेवून उभे राहिलो. वर घारी फिरत होत्या, समोर कबुतरं फडफडत होती, कावळा मात्र औषधाला नव्हता. माझा मेव्हणा गिरीश हात जोडून कबूल करत सुटला, "अप्पा, आईला सांभाळीन. अप्पा, रेणूचं लग्न करून देईन. अप्पा, तुमची स्कूटर विकणार नाही." कावळा नाहीच. ऊन चढलं तसं गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. शास्त्रात ती सोय आहे. कावळाच नसलेल्या शहरात कावळा शिवणार कसा, हा साधा प्रश्न. पण सासूबाईंच्या मनात कुसळ अडकलं ते अडकलंच. "त्यांचं काहीतरी राहिलंय," एवढंच त्या म्हणायच्या. मग गंगूमावशींनी महाराज शोधून काढले. गंगूमावशी म्हणजे सासूबाईंच्या मावसबहीण. अफझलगंजात मिरच्या आणायला गेल्या होत्या, येताना महाराज घेऊन आल्या.

"आता एकेकानं यायचं," महाराज म्हणाले. "भृंगाला असं ज्ञानमुद्रेत धरायचं." त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवली. "मानेच्या मागं, दोन्ही बाजूंनी. घट्ट धरा, भ्यायचं नाही. आणि विचारायचं, राग नाही ना? राग नसेल तर बोलतील. राग असेल तर मौन."

सासूबाईंनी भुंगा घट्ट धरला. "अहो, माझ्यावर राग नाही ना?"

किर्र... किर्र... किर्र!

आवाज खणखणीत होता. हॉलमध्ये रडारड झाली. गिरीशनं धरला. किर्र! शिल्पानं धरला. किर्र! शिल्पा तर धाय मोकलून रडली, कारण अप्पांच्या शेवटच्या दुखण्यात तिला फारसं जाता आलं नव्हतं, आणि आता एका किड्यानं तिची सुटका केली होती.

मग माझी पाळी. एक खरं सांगतो. एकनाथरावांना मी कधी पसंत नव्हतो. 'रुळावरचा माणूस', असं ते माझ्याबद्दल म्हणायचे, तेही माझ्यासमोर. मी हसत हसत भुंगा धरला. तो मान खालीवर करत होता, आणि त्या प्रत्येक झटक्याला आवाज होत होता. माझ्या अंगठ्याला ती खरखर कळत होती. मानेचा मागचा काठ कशावर तरी घासतोय, हे इंजिनिअरच्या बोटाला कळायला वेळ लागत नाही. तेवढ्यात गंगूमावशी म्हणाल्या, "बघा, जावयावरही राग नाही!" आणि अहो, मला बरं वाटलं! सिग्नल खात्यातल्या या शहाण्याला एका किड्याच्या करकरण्यानं बरं वाटलं. मी गप्प बसून भुंगा पुढं दिला.

पुढं होती रेणू.

रेणू घरातली शेंडेफळ. फिजिओथेरपिस्ट. अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा गिरीशला दुकान सोडता येईना, शिल्पाला शाळा सोडता येईना, म्हणून रेणूनं नोकरी सोडली. अप्पांना कुशीवर वळवणं, भरवणं, पुसणं, सगळं तिनं केलं. शेवटी शेवटी त्यांची कातडी इतकी पातळ झाली होती, की बोटानं धरलं तरी सोलून निघायची. घरी येणाऱ्या नर्सनं शिकवलं होतं, बोटं लावायची नाहीत, तळहात खाली सरकवून उचलायचं. ती सवय रेणूच्या हातात मुरली होती. चहाचा कपसुद्धा ती तशीच उचलायची.

तिनं भुंग्यापुढं तळहात उघडा धरला. भुंगा आपणहून चढला, मिशा फिरवत मनगटापर्यंत गेला, थांबला. गप्प.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "माझ्यावर राग नाही ना?"

काही नाही.

"अप्पा?"

भुंगा तिच्या मनगटावर शांत बसून राहिला. महाराजांनी डोळे मिटले आणि मान हलवली. "मौन!"

"काय केलंस गं तू?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

रेणूचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मग, एवढ्या माणसांसमोर, तिच्या तोंडून ते बाहेर आलं. "मी एकदा म्हणाले होते त्यांना. औषध परत परत सांडत होते. मी म्हणाले, अप्पा, आता सुटा हो एकदाचे."

त्या पोरीनं किती दिवस हे वाक्य एकटीनं गिळून धरलं असेल! आणि आम्ही ते तिच्याकडून गर्दीत ओकवलं. महाराजांना तर आयतं घबाड मिळालं.

"तोच हा काटा!" ते गरजले. "लेकीच्या शब्दात बाप अडकलाय! हिच्या हातचं पाणी पितरांना चालणार नाही. उपाय आहे. वर्षभर मठात सेवा. झाडलोट, स्वयंपाक, आमच्या वृद्ध साधकांची शुश्रूषा. शुश्रूषा तर हिला येतेच! सर्वपित्री अमावास्येला मी स्वतः न्यायला येईन. तोवर भृंग घरात राहू द्या, पण हिनं शिवायचं नाही."

पुढच्या सोमवारी रेणूला एका दवाखान्यात नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. नेमणुकीचं पत्र हातात होतं. तिनं त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, येणार नाही म्हणून. आम्ही सगळे ऐकत होतो. गिरीश म्हणाला, "वर्षाचाच तर प्रश्न आहे." शिल्पा चहाचे कप भरत होती. मी चहा पीत होतो.

भुंग्याचा मुक्काम मग सासूबाईंकडं पडला. भोकं पाडलेला स्टीलचा डबा, त्यात तोच ओंडका आणि रोज ताजी उंबराची डहाळी. त्याला शिरा वाढला, साय वाढली, अप्पांना आवडायचं म्हणून बगारा बैंगन वाढलं. भुंगा उंबराची साल कुरतडायचा, बाकीला तोंड लावायचा नाही. "पथ्यावर आहेत," गंगूमावशी म्हणायच्या. लोक दर्शनाला यायचे, ज्ञानमुद्रेत धरायचे, किर्र ऐकून जायचे. रेणू आतल्या खोलीत बसून असायची. तिचं ताट आत जायचं तसंच परत यायचं. हॉलमधून किर्र ऐकू आलं की ती कानांवर हात ठेवते, हे मी एकदा दारातून बघितलं.

आणि एके दिवशी डब्यात एक पांढरा दाणा सापडला. तांदळाएवढा, टोकांना निमुळता. "अक्षता!" सासूबाईंनी तो चांदीच्या वाटीत घालून देवघरात ठेवला. "यांनी अक्षता दिली." दुसऱ्या दिवशी आणखी दोन सापडल्या. वाटीला हळदकुंकू लागलं. मी वाटीसमोर उभा राहून कपाळाला हात लावला. कुणाला वाटलं असेल, जावई नमस्कार करतोय.

त्या रात्री मी सासरीच मुक्कामाला होतो, पण मला अंथरूण टोचायला लागलं. सकाळी उठून मी जिन्यानं एक मजला खाली गेलो.

खालच्या मजल्यावर भाग्यलक्ष्मी मॅडम राहतात. त्या मूळच्या तेलुगू; शेतकी कॉलेजात त्यांनी जन्मभर किडे शिकवले. महाराज आले तेव्हा त्या लेकाकडं वरंगलला गेल्या होत्या, नुकत्याच परतल्या होत्या. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हसल्या.

"अरे, हे तर भिरूड! आंब्याच्या खोडातला. शास्त्रात याच्या प्रजातीला बॅटोसेरा म्हणतात. लांबशिंगी भुंगेऱ्यांचं मोठं खानदान आहे, जी. याची अळी वर्षभर खोड पोखरते, पावसाळ्यात भुंगेरा होऊन बाहेर येतो. तुम्हाला कुठं मिळाला?"

मी सगळं सांगितलं. घाट, ओंडका, ज्ञानमुद्रा, मौन, मठ. सांगता सांगता माझा आवाज खाली खाली जात गेला. अक्षतांपाशी त्यांचं हसू गेलं.

"तुम्ही तिथंच होते ना, केदारगारू?"

"होतो."

"आणि काय बोलले?"

मी जिन्याकडं बघत राहिलो. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाल्या, "अमावास्येला मला बोलवा."

अमावास्येच्या सकाळी हॉल पुन्हा गच्च भरला. दाराशी रेणूची बॅग भरून ठेवली होती. तिनं नोकरीसाठी शिवलेला पांढरा कोट बॅगेत नव्हता, तो खुर्चीवर घडी घालून ठेवला होता. खाली मठाची गाडी उभी होती. महाराजांनी डबा उघडून भुंगा हातात घेतला, तेवढ्यात भाग्यलक्ष्मी मॅडम आत आल्या आणि सरळ पाटासमोर बसल्या.

"मला पण विचारायचं आहे," त्या म्हणाल्या.

"जरूर, माय! ज्ञानमुद्रेत..."

"हौ, हौ, मालूम है." त्यांनी भुंगा सराईतपणे धरला. किर्र! "अप्पा," त्यांनी मोठ्यानं विचारलं, "तुम्ही एकनाथराव नाहीत, हे खरं ना?"

किर्र! किर्र!

मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

"तुम्ही आंब्याचे भिरूड आहात ना?"

किर्र!

"हे महाराज खोटं बोलतात ना?"

किर्र! किर्र! किर्र!

"थट्टा करता पितरांची?" महाराजांनी हात पुढं केला. "द्या इकडं!"

"थांबा जी." मॅडमनी हात मागं घेतला. "शांताम्मा, तुम्ही या. हात उघडा. तळहात. बोटं मिटायची नाहीत."

सासूबाईंनी महाराजांकडं बघितलं, मग गिरीशकडं, आणि हात पुढं केला. मॅडमनी भुंगा अलगद त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आता विचारा, राग नाही ना?"

"राग... नाही ना?" सासूबाई पुटपुटल्या.

गप्प.

"गिरीश, तुम्ही." गप्प. "शिल्पा." गप्प. "केदारगारू." भुंगा माझ्या तळहातावरून टुकूटुकू चालत गेला. त्यानं चकार शब्द काढला नाही, तेव्हा मॅडमनी त्याला परत डब्यात ठेवलं.

"सगळ्यांवरच राग आला वाटतं आज," मॅडम म्हणाल्या. "हा किडा बोलत नाही. याच्या गळ्यात आवाज नाही. मानेचं कवच मागं एका खरबरीत पट्टीवर टेकतं. कुणी पकडलं की हा सुटायला मान खालीवर करतो आणि ती पट्टी घासते. कंगव्यावरून नख फिरवलं की होतो ना, तसा आवाज. शत्रूला भिववायला. तुम्ही दाबता म्हणून तो करकरतो. ये बात नै कर रा, चिल्ला रा. 'सोडा' म्हणतोय तो."

सासूबाई आपल्या अंगठ्याकडं बघत होत्या.

"एवढ्या माणसांत," मॅडम म्हणाल्या, "एका मुलीनं त्याला दाबलं नाही. म्हणून तो तिच्या हातावर शांत बसला. तुम्ही त्याला राग म्हणालात."

आतल्या खोलीच्या दारात रेणू उभी होती. ती कधी आली, मला कळलं नाही.

"हे सगळं पुस्तकी!" महाराज उसळले. "आणि मिशा? गंध? प्रत्यक्ष एकनाथराव..."

"एकनाथराव बाई होते का?" मॅडमनी विचारलं. "नराच्या मिशा अंगाच्या दीडपट तरी असतात. हिच्या अंगाला जेमतेम पुरतात. ही मादी आहे. ते केशरी डाग सगळ्यांनाच असतात, मानेचे काटेही. आंब्याच्या बागेत चला, शंभर एकनाथराव दाखवते." मग त्या उठल्या, देवघराकडं गेल्या आणि चांदीची वाटी घेऊन आल्या. आवाज एकदम मऊ झाला. "शांताम्मा, माफ करा. ही अक्षता नाही. हिनं अंडी घातलीत."

हसू फुटायला हवं होतं. मला वाटलं होतं, फुटेल. पण हळदकुंकू लागलेली ती वाटी बघून सगळ्यांनी माना खाली घातल्या. गंगूमावशींनी पदर तोंडावर ओढला. गिरीशनं ओंडका उचलून भोकात बोट घातलं. "आतून सरळ आहे," तो म्हणाला. "ड्रिल मारलंय." हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं. त्याला हे पहिल्या दिवशीच दिसायला हवं होतं, आणि ते त्यालाही कळलं होतं. लाल होत त्यानं ओंडका खाली ठेवला.

महाराज उठले. "ज्या घरात नास्तिक पाय ठेवतात तिथं पितर थांबत नाहीत," असं काहीतरी म्हणाले. जाताना भुंग्याचा डबा उचलायला वाकले, तर मॅडमनी त्यावर हात ठेवला. मग नुसतीच कफनी सावरत चपलांच्या ढिगात ते आपली चप्पल शोधत बसले. मोठा वेळ लागला त्यांना. कुणी मदत केली नाही, आणि कुणी अडवलंही नाही. गाडी गेली.

माणसं एकेक करून पांगली. जाताना कुणी कुणाच्या डोळ्यांत बघेना. घरात आम्हीच उरलो. सासूबाई उठल्या आणि रेणूसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही तळहात उघडे करून तिच्यापुढं धरले, भीक मागतात तसे. रेणूनं त्या हातांकडं बघितलं. हात हातात घेतले नाहीत.

"आई," ती म्हणाली, "ते वाक्य मी त्यांना म्हणाले ना, तेव्हा ते हसले होते. 'सुटतो गं, घाई काय,' असं म्हणाले. मला तेही विसरायला लावलंत तुम्ही."

सासूबाई खाली बसल्या. शिल्पा रडायला लागली, पण तिच्या रडण्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मॅडम भुंगा काचेच्या बरणीत घालत होत्या. झाडावर सोडू का, असं गिरीशनं विचारलं. "नक्को," त्या म्हणाल्या, "आंबा पोखरतो. याची पूजा पण नको आणि दया पण नको. हा किडा आहे, एवढं माहीत असलं की बस."

रेणूनं खुर्चीवरचा पांढरा कोट उचलला आणि झटकला. दवाखान्यात फोन लावला, दोनदा माफी मागितली, आणि सोमवारी या, असं पलीकडून कुणी म्हणालं तेव्हा पहिल्यांदा तिच्या खांद्यांत जीव आला. मी तिची बॅग उचलून आत ठेवायला गेलो. मला वाटत होतं, मी मॅडमना बोलावलं, म्हणजे मी काहीतरी केलं. आतून थोडा फुगलोही होतो.

"दाजी," ती दारात म्हणाली.

"काय गं?"

"तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं ना?"

बॅग माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली. मला 'नाही' म्हणता आलं असतं. "हो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि बॅग उचलून स्वतः आत नेली.

त्यानंतर ती सोमवारी कामावर गेली. आता जाते, येते, आईशी गरजेपुरतं बोलते, माझ्याशी नीट बोलते. नीटच बोलते, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाही. घरात या विषयावर कुणी तोंड उघडत नाही. पोलिसांत जाऊ या, असं मी म्हणालो, तर गिरीशनं हात जोडले. "दाजी, लोक हसतील." आणि म्हणूनच भृंगीनाथ महाराज अजून मोकळे आहेत. कुठल्यातरी दुसऱ्या घरात, दुसऱ्या हार घातलेल्या फोटोसमोर, कुणाच्या तरी लेकीला 'मौन' ऐकवत असतील. आम्ही लाजून गप्प बसलो, की त्यांचा धंदा चालू राहतो. म्हणून घरच्यांचा विरोध असतानाही मी हे लिहून काढलं आहे.

तुमच्या घरी कुणी असा बोलणारा किडा, डुलणारा नारळ किंवा घाम गाळणारी तसबीर घेऊन आला, तर पाया पडायच्या आधी एवढंच करा. तो सांगेल तशी वस्तू धरू नका, तुमच्या पद्धतीनं धरून बघा. त्यानं मूठ आवळायला सांगितली तर हात उघडा. खरं असेल ते उघड्या हातावरही खरंच राहील. कळत नसेल तर ज्याला कळतं त्याच्याकडं जा. तो बहुधा एक मजला खालीच राहत असतो. आणि त्या गर्दीत कुणा एकीकडं बोट दाखवलं गेलं, तर त्याच क्षणी बोला. दुसऱ्या दिवशी नाही, अमावास्येला नाही. जावई असलात तरी बोला.